हक्काचा वाटा

४ मार्च
आज नदीवाल्या बाई रडल्या. माझ्या टेबलासमोर, उभ्या उभ्या! पन्नाशीची, एवढी शिकलेली बाई.
पुराचा अंदाज बांधणारं त्यांच्या खात्याचं गणित काल ऐन अवकाळी पावसात मध्येच बंद पडलं. कॉम्प्युटरची मेमरी संपली. वाढीव कोट्याचा अर्ज त्यांनी दुपारी बारालाच पाठवला होता. पण अर्ज मंजूर करायची मी — आणि मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडले होते. संध्याकाळी सही केली तोवर पाणी एका गावात शिरलं होतं. गुरं गेली. माणसं वाचली, ती नशिबानं.
"ताई, तुमचा काही दोष नाही," म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

५ मार्च
आमच्या मशीनरूममध्ये चाळीस सर्व्हर. त्यांच्या पोटात सातशे आभासी मशीनं — दिसत नाहीत, पण कामं खरी करतात. अकरा सरकारी खाती त्यांच्यावर चालतात. कुणी किती मेमरी वापरायची तो कोटा मी ठरवते. अर्ज येतो, आकडा भरते, सही ठोकते. बारा वर्षं! माझ्यामागं सगळे मला "कोटेवाली" म्हणतात. तोंडावरही म्हणतात.
आज मोजलं. वाटलेल्या मेमरीतली साठ टक्के नुसती पडून आहे. पडून! आणि नदीवाल्यांच्या वाट्याला कोरड.

६ मार्च
साहेबांना म्हटलं, हे वाटप प्रोग्रॅमवर सोपवू या. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "आणि मग तुम्ही काय करणार?"
हसण्यावारी नेलं. पण प्रश्न घरापर्यंत सोबत आला.

१९ मार्च
पहिला मसुदा तयार. तीस दिवस वापरली नाही ती मेमरी काढून घ्यायची, मागेल त्याला द्यायची. सुटसुटीत!

२३ मार्च
कसलं सुटसुटीत! परीक्षा विभागाचे प्रमुख अंगावरच आले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात — बोलतात तसे म्हणून. सगळ्यांत मोठा कोटा त्यांचा. लागतो वर्षातून दोनदा, निकालाच्या दिवशी. एरवी कुलपात.
"निकालाच्या दिवशी साइट बंद पडली तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील, तुमच्या नाही!"
"लागेल तेव्हा मिळेल की, मास्तर."
"सहा वर्षांपूर्वी हेच म्हणाला होतात."
खरं होतं. तेव्हा मिळाली नव्हती.

२७ मार्च
हसावं की रडावं! मास्तरांच्या मशीनांचा वापर एकाएकी नव्वद टक्क्यांवर. खोलात गेले तर काय — सगळी मशीनं एकपासून आकडे लिहून साठवतायत. मेमरी भरली की पुसून पुन्हा एकपासून! वापरात दिसावी म्हणून.
त्यांच्याबद्दल मनात काय काय आलं ते इथंही लिहिण्याजोगं नाही.

२८ मार्च
जेवताना आईला सांगितलं. आईनं तीस वर्षं नर्सिंगच्या वसतिगृहाची खानावळ चालवली. तिला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, ताटातलं कळतं.
"अगं, नव्या पोरी पहिल्या दिवशी ताट शिगोशीग भरून घ्यायच्या. निम्मं टाकायच्या. मी ओरडले, तर लपवून खोलीत न्यायला लागल्या."
"मग?"
"मग ओरडणं सोडलं. सांगितलं, शेवटच्या पोरीचं पोट भरेपर्यंत पातेलं उचलणार नाही. आणि महिनाभर तसं करून दाखवलं. आपोआप बेतानं घ्यायला लागल्या. माणूस भुकेनं साठवत नाही गं. भीतीनं साठवतो."
हात धुतले आणि मसुदा पुन्हा उघडला.

११ एप्रिल
सगळं मोडून नव्यानं लिहिलं. प्रत्येक खात्याला एक हक्काचा वाटा. त्याला कुणी हात लावायचा नाही — मी नाही, साहेब नाही, प्रोग्रॅम तर नाहीच. सोडायचा तर त्या खात्याच्या प्रमुखानं स्वतः सोडायचा. बाकी सगळी मेमरी सामाईक. मागितली की एका मिनिटात मिळणार, काम झालं की आपसूक परत.
मास्तरांचा वाटा जरा सढळ हातानं ठेवला. निकालापुरता. आणि जुना कोटाही ते आपणहून सोडेपर्यंत त्यांच्याकडेच राहू दिला.

२ मे
चाचणीचा पहिला आठवडा. बासष्ट अर्ज आले, बासष्ट मंजूर झाले, एकावरही माझी सही नाही. दिवसभर खुर्चीत पाहुण्यासारखी बसले होते. चहा मात्र गरम प्यायले. बारा वर्षांत पहिल्यांदा!

९ मे
तोंडघशी पडले. दुपारी ग्रंथालयाचा एक प्रोग्रॅम बिघडला आणि मेमरी मागत सुटला. तो मागतोय, माझा देतोय, तो मागतोय, माझा देतोय — अडीच वाजता सामाईक साठा शून्य! सहा खात्यांची कामं अडली.
साहेबांनी सहाही खात्यांना स्वतः फोन करून माफी मागितली. त्यापेक्षा मला ओरडले असते तर बरं.
मग मास्तर आले. आता ऐकून घ्यायचं म्हणून मी उभीच राहिले. तर म्हणतात, "आमचा वाटा शाबूत राहिला हो. तासभर बघत होतो. हलला नाही." माझ्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि गेले.

१० मे
नवा नियम — कुणी लागोपाठ तिसऱ्यांदा मागितलं, तर आधी माणसाला विचारायचं. आई म्हणाली, "तिसऱ्यांदा वाढून घेणारीला मीही विचारायचे, बाळा, बरी आहेस ना?"

४ जून
मास्तरांचा निरोप. एकच ओळ: "जुना कोटा परत घ्या, आकडे लिहिणं बंद केलं आहे."
म्हणजे मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं! दिवसभर हसू आवरेना.

२३ ऑगस्ट
आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. चार तास फोन बंद. बाहेर येऊन चालू केला तर नदीवाल्या बाईंचे नऊ संदेश!
वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस. सकाळी दहाला त्यांना नेहमीच्या पाचपट मेमरी हवी होती. शेवटचा संदेश आधी उघडला — "मिळाली! गणित पूर्ण झालं. उद्या पहाटे पाणी नदीकाठच्या वस्तीत शिरणार. वस्ती हलवायला घेतली आहे."
तिथंच बाकावर बसून रडले. डोळ्यावर पट्टी बांधलेली आई विचारतेय, "काय झालं गं? कुणाला काय झालं?"
"काही नाही आई. कुणालाच काही झालं नाही!"

२४ ऑगस्ट
पाणी शिरलं. खिडक्या बुडाल्या. पण वस्तीत एक माणूस नव्हता! चार हजार लोक आधीच शाळांमध्ये हलवले होते.
साहेबांनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. "तुमच्या प्रोग्रॅमनं करून दाखवलं!" मान ताठ झाली — खोटं कशाला लिहू?
दुधात मिठाचा एकच खडा. मास्तरांचा निकाल काल दुपारी लागायचा, तो आज लागला. "तांत्रिक कारण" म्हणे. लोकांनी त्यांना दिवसभर फोनवर धारेवर धरलं. आता माझ्यावर खापर फुटणार. मास्तर सोडतात होय!

२५ ऑगस्ट
अहवालासाठी परवाच्या नोंदी काढल्या. प्रोग्रॅमनं नदीवाल्यांना होती नव्हती तेवढी सामाईक मेमरी दिली होती. तरी कमीच पडली. दहा वाजून बारा मिनिटांनी शेरा: "साठा संपला. उरलेली मागणी नामंजूर." नियमाप्रमाणे तो शेरा सगळ्या प्रमुखांना गेला.
दहा वाजून एकतीस. परीक्षा विभागाचा हक्काचा वाटा सोडला. सगळाच्या सगळा. सोडणारे — प्रमुख, स्वतः. कारणाच्या रकान्यात दोन शब्द:
"नदीला द्या."