साहेबांच्या टीव्हीला पेडल

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझी प्रकृती ठीक असेल असं धरून चालते (फोनवर नीट बोलता येत नाही, आई शेजारी कान लावून उभी असते). इकडे बाबांचे गुडघे सोडून सगळं ठीक. गुडघ्यांचं खाली येतंच.

लेकीला आमच्याकडे सोडताना तू बजावलं होतंस, की दोन वर्षांच्या पोरीला दिवसाला अर्ध्या तासाच्या वर टीव्ही दाखवलात तर तिची रवानगी पाळणाघरात. (तिला आता घरात सगळे साहेब म्हणतात.) मी आधी टीव्हीला टायमर लावला. तो आईने झाडताना 'चुकून' काढला. मग मी व्यायामाच्या सायकलला सेन्सर जोडला. पेडल फिरतंय तोवर टीव्ही चालू, थांबलं की बंद. कारखान्यात माझं कामच हे, कुणाचा हात आत गेला की यंत्र बंद पाडायचं. साहेबांचे पाय पेडलला पोचत नाहीत, हे मी टेपने मोजलं होतं. बाबा लगेच धापा टाकतात, हेही धरलं होतं. साहेब माणसं कामाला लावतील, एवढंच धरलं नव्हतं.

बाबा दमल्यावर साहेबांनी आईला बोट धरून सायकलपाशी नेलं. आई दमल्यावर शेजारच्या काकू (कात्री परत द्यायला आल्या होत्या, ती हातात तशीच). मग पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला माणूस. "मॅडम, हे फिल्टरच्या कामात धरायचं का?" असं त्याने मलाच विचारलं. कुणी सुस्तावलं की सोफ्यावरून एकच शब्द येतो, "पाय." बाबा उभ्या नोकरीत एकाही साहेबाला घाबरले नाहीत, पण इथे गुडघे दुखत असतानाही निमूट वेग वाढवतात. "अगं, रागावते ती," म्हणतात.

टीव्ही रोज दोन तास चालतो, हे लपवत नाही. पण मी नीट पाहिलं. साहेब टीव्हीकडे जेमतेम बघतात. बाकी वेळ त्याच्याकडे पाठ करून, पेडल मारणाऱ्याकडे बघत हसत असतात. म्हणजे तुझा नियम मोडलेला नाही. हवं तर येऊन मोज.

तुझी धाकटी

ता. क. रविवारी तिला न्यायला येऊ नकोस. महिनाभर राहू दे. बाबांची साखर उतरलीय, डॉक्टर म्हणतात व्यायाम सोडू नका. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही.

ता. क. २ अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर चालवून घे. बाबा झोपलेत, आई बाजारात गेलीय, आणि "मावशी, पाय" म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार.