बटणाजवळचा हात

९ जून
भावोजी आज वहाणा न काढताच छापखान्यात शिरले. "वहिनी, गुरुवारी भंगारवाला येतोय. मशीन गेलं की खोलीला रंग देऊ, भाडेकरू ठेवू. चालवणारा हातच गेला, लोखंड काय उराशी धरून बसायचंय?"
माझं लक्ष सगळं दिव्याच्या बटणाकडे. त्याच्याशेजारी भिंतीवर शाईचा हात उमटलाय — पाचही बोटं, घाईत करंगळी जरा वाकडी. ह्यांचा! तोही रंगाखाली जाणार.

१० जून
मशीनवरची धूळ पुसली. भिंतीकडे फडका नेला नाही.

११ जून
शब्दकोश काढला. माझी शाळा चौथीत सुटली; पुढचं वाचायला छपाईत बिघडलेल्या कागदांनी शिकवलं. मुद्रण — मुद्रा उमटवणे. मुद्रा म्हणजे शिक्का, मोहोर. लेकीला फोन लावला. म्हणाली, "आई, इंग्रजीतला प्रिंटसुद्धा दाबण्यावरूनच आलाय, थेट लॅटिनपासून." म्हणजे सगळीकडे गोष्ट एकच! काहीतरी दाबतं, उचललं जातं, खूण मागे राहते. ह्यांना कुठलं लॅटिन! पण म्हणायचे, "दाब कमी तर पुसट, जास्त तर भोक."
ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. माझ्यावरचा दाब काही उचलला जात नाही.

१२ जून
रंगारी आधीच भिंती पुसायला आला. ओला फडका घेऊन थेट त्या हाताकडे! मी ओरडलेच. बिचारा शिडीला अडखळून पडता पडता वाचला. "बाई, डागच तर आहे!"
भावोजी मागून — "वहिनी, भिंत कापून देऊ का बांधून?" दोघं हसले. मी नाही.

१३ जून
आमचे जुने कंपोझिटर, खिळे जुळवणारे, आले होते. मशीनवरून हात फिरवत म्हणाले, "मालकांसारखा कागद लावणारा पाहिला नाही. हात कसे, धुतल्या तांदळासारखे! कागदावर बोट उमटेल म्हणून शाईच्या डब्याकडे फिरकायचेही नाहीत."
ते गेले. तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

१४ जून, गुरुवार
वर्षभर त्या हाताला शिवायचा धीर झाला नव्हता. आज माझा हात त्यावर टेकवला. बोटाला बोट बसलं. वाकड्या करंगळीवर माझी वाकडी करंगळी.
शाई मीच तर घोटायची! हे कागद लावता लावता ओरडायचे, "अगं, दिवा लाव!" — आणि मी तशीच धावायची.
बाहेर भंगारवाल्याची गाडी थांबली. दारात जाऊन म्हटलं, "भावोजी, परत पाठवा त्याला. चालवणारा हात घरातच आहे."