मावशीला रेडवुड दाखवायचंय

११ जाने., रविवार. आर्नहेम

संक्रांतीच्या कार्यक्रमातल्या भाषणाची सुरुवात लिहिली. 'नेदरलँड्समधल्या मराठी बायांनो, आपण सुटीवर जातो म्हणजे फक्त ओटा बदलतो.' जमलंय. नवऱ्याला, नचिकेतला वाचून दाखवलं. म्हणाला, "आजच्या पोळ्या मी केल्यात, तेही घाल त्यात." नाही घालणार.

संध्याकाळी अमेरिकेत, सॅन होजेला मावशीशी व्हिडिओ कॉल. जुलैत तीन आठवडे तिच्याकडे जातोय. त्यातले तीन दिवस किनाऱ्याकडच्या रेडवुडच्या जंगलात, स्टेट पार्कात, तंबूत. मावशी लगेच, "तिखटमिठाच्या पुऱ्या देते करून. चार दिवस टिकतात." मागून तिचा मुलगा सुनील हसला. "आईने आजवर किती पाहुण्यांना तिकडे डबा दिला असेल. स्वतः एकदाही गेली नाहीये."

एकोणीस वर्षं ती तिथे राहते. मागच्या खेपेला आम्हीही गेलो होतो. झाडाखाली बसून पुऱ्या खाल्ल्याचा फोटो आहे. तिला का नेलं नाही, आठवत नाही. विचारलंच नसणार. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिला.

या वेळी ती येणार. ठरलं.

१४ जाने., बुधवार

मावशीला फोन, पाऊण तास. बाईचा जन्म, तिचे श्रम, तिचा हक्क, जगातली सगळ्यात उंच झाडं गाडीने चार तासांवर आणि तिने ती पाहिलेली नाहीत, ही लाजेची गोष्ट कुणाची? सगळं बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "छान बोलतेस गं मेधा. शाळेतही बक्षिसं आणायचीस. पण माझे गुडघे, बाई."

सपाट वाट आहे म्हटलं. "तरी नकोच."

नचिकेत: "एका माणसासमोर सभा घेतलीस." त्याच्याशी तासभर बोलले नाही. मग चहा आणला त्याने.

१८ जाने., रविवार

भाषण चांगलं झालं. टाळ्या भरपूर. चार नवऱ्यांनी माना खाली घातल्या, ते पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंतर तिळगूळ घेताना एक आजी जवळ आल्या. साताऱ्याच्या. मुलाकडे लायडनला तीन महिन्यांसाठी आल्यात. भाषणात मावशीचं आलं होतं, त्यावरून. हळूच म्हणाल्या, "वाटेत बाथरूम कुठेकुठे आहे, ते सांगितलंत का त्यांना?"

"ती गुडघे म्हणाली," मी सांगितलं.

"आम्ही गुडघे सांगतो. मुलाला दुसरं काय सांगायचं? गेल्या वेळी ट्युलिप बघायला सगळे गेले, मी घरी. गुडघे. हे बघा, मी आत्ता जिने चढून आले तुमच्या हॉलचे."

इतकी पुस्तकं वाचली, बायकांच्या स्वातंत्र्यावरची अर्धं कपाट भरून. हे कुठल्याही पानावर नव्हतं.

२० जाने., मंगळवार

ऑफिसात जेवणाच्या सुटीत पार्कचा नकाशा उघडून बसले. ओकने, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, विचारलं काय शोधतेस. संडास, म्हटलं. त्याने खुर्ची जवळ ओढली. प्रवेशापाशी एक, सपाट फेरीच्या सुरुवातीला एक, नदीकाठी एक. हायवेवर दर तासाला काही ना काही आहेच.

संध्याकाळी मावशीला फोन. भाषण नाही. फक्त नकाशा वाचून दाखवला.

तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग, "आणि रात्री? बाहेर जावं लागेल?"

तंबू रद्द. गावातली खोली घेऊ, तळमजला, आत बाथरूम.

"चार तास पाणी न पिता बसायचं म्हणजे..."

"पी की. दर तासाला थांबू."

"सुनील वैतागेल."

"वैतागू दे. त्याचे तू दोन वर्षं लंगोट बदललेस."

खूप हसली. मग म्हणाली, "बघू." तिचं नको मला ठाऊक आहे. हे नको नव्हतं.

२३ जाने., शुक्रवार

त्या खोल्यांचं बुकिंग बरोबर सहा महिने आधी उघडतं, तिकडच्या सकाळी आठला. म्हणजे आपले पाच. सायकल दामटत घरी, कोट अंगात तसाच, हात गारठलेले. मिळाली. २३ ते २६ जुलै. पाच जणांची नावं टाकली. लेक ईरा खांद्यावरून बघत होती. "आजी इज कमिंग? देन हू विल मेक द पुरीज?"

कुणी नाही. ब्रेड खाऊ.

जिलबी आणायला हवी होती. इतका आनंद.

२५ जाने., रविवार

सुनीलचा मेसेज. त्याच आठवड्यात पुण्याहून त्याचा मित्र येतोय, आईवडिलांना घेऊन. मावशी म्हणतेय म्हणे, मी थांबते, तुम्ही जाऊन या.

मावशीला फोन केला. "पाहुणे आहेत गं. घर उघडं टाकून कसं जायचं?" मग थोड्या वेळाने, आपणहून, "त्या खोलीच्या बाथरूमला धरायला दांडी आहे का?"

आहे, म्हटलं. नंतर चौकशी केली. खरंच आहे.

चिडून लांबलचक लिहिलं होतं, पुसलं. फॅमिली ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं, एवढंच टाकलं. मावशीने वाचलंय.

'सुनील, तुझ्या मित्राला आजच फोन कर आणि २६ जुलैनंतर यायला सांग.'