तीन रिकाम्या ओळी

६ नोव्हेंबर १९८६
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. दिवाळीत वही कपाटावरच राहिली.
ऑफिसात मोठं काम आलंय. मी मिलचा टाइमकीपर, संपात घरी बसलेला. शिक्षण सातवी, पण टायपिंग चाळीसच्या स्पीडने. म्हणून शेजारच्या चंद्रप्रकाशने अंधेरीला स्वतःच्या कॉम्प्युटर कंपनीत चिकटवलं. इंजिनीअर कागदावर लिहितात, मी मशीनवर चढवतो. आजपासून हेडर फाइल माझ्याकडे. मशीनच्या मुख्य प्रोग्रामने कुठली माहिती कितव्या जागी ठेवलीय, ते तिच्यात असतं. म्हणजे मशीन मीच चालवतो म्हणा ना.

७ नोव्हेंबर
फाइलमध्ये तीन ओळी रिकाम्या. नाव ‘स्पेअर’, काम काही नाही. चंद्रप्रकाश बिझी होता, विचारलं नाही. मुंबईत खोली रिकामी ठेवली की कोणीतरी घुसतो, मग कोर्टातूनही निघत नाही. तिन्ही काढल्या. फाइल झकास दिसते.

१० नोव्हेंबर
या फाइलवरून बनवलेल्या प्रोग्रामची नवीन टेप घेऊन चंद्रप्रकाश नाशिकच्या दूध संघाकडे गेला. रात्री परत.

१३ नोव्हेंबर
नाशिकहून फोन. फाइलींच्या तारखा भलत्याच दिसतात. तीन ओळी आठवल्या. पण तिकडे व्होल्टेज कमी असतं. तेच असणार.

१४ नोव्हेंबर, दुपार
वाट लागली. संघाचा एक प्रोग्राम रोज जुन्या फाइली पुसतो. त्याने या आठवड्याच्या फाइली जुन्या समजून पुसल्या. चार तालुक्यांच्या दुधाची नोंद गेली. चंद्रप्रकाश परत नाशिकला पळाला. म्हणाला, काका, टेप मी नेली, शिव्याही मीच खाणार. मी म्हटलं, स्वेटर घेतलास का.

१५ नोव्हेंबर
आमच्या मुख्य इंजिनीअर पद्मजा मॅडम सगळ्यांना समजावत होत्या. रिकाम्या ओळी पुढच्या कामासाठी राखलेल्या असतात. काढल्या की खालची माहिती वर सरकते, आणि जुने प्रोग्राम मोजून आधीच्याच जागी जातात, तिथे तारखेऐवजी भलतंच वाचतात. माझ्याकडे बघत नव्हत्या. नशीब.
उद्या सांगून टाकायचं. उद्या रविवार. सोमवारी नक्की.

१६ नोव्हेंबर
घरी बायकोला, जानकीला सांगितलं. म्हणाली, दुसऱ्याच्या घरातली भांडी हलवूक तुमका कोणी सांगितलेला? तो पोरगो थंय तुमच्यापायी शिव्या खाता. जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर
चहाच्या वेळी सांगणार होतो. मॅडमचं डोकं दुखत होतं. आजारी माणसाला त्रास देऊ नये.

१८ नोव्हेंबर
सांगितलं. मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून, एका दमात.
मॅडमनी कागद पुढे सरकवला. हेडर फाइलचं पहिलं पान. प्रत्येक बदलाखाली नाव आणि तारीख घालायचा नियम आहे. शेवटची नोंद: तीन फालतू ओळी काढल्या, एल. आर. परब, ७-११-८६. इंग्रजीत, माझंच टायपिंग, एक स्पेलिंग चुकलेलं नाही.
म्हणाल्या, आम्हाला शुक्रवारीच कळलं. चंद्रप्रकाश म्हणाला, थांबा, काका आपणहून येतील. आम्ही थांबलो, परबकाका. चार दिवस.
मी विचारलं, ओळी परत टाइप करू? म्हणाल्या, नको, जुन्या टेपवरून शनिवारीच घातल्या. मशीन ठीक आहे. पुसलेलं सगळं चंद्रप्रकाश कागदी पावत्यांवरून पुन्हा चढवतोय. तुमचं काय ते तो आल्यावर ठरवू. तोवर कांदिवलीला घरीच थांबा.

२१ नोव्हेंबर
घरी. जिन्यात पाऊल वाजलं की उठून दार उघडतो. चंद्रप्रकाशला पत्र टाकलं, त्याची नक्कल:
बाबा रे, मॅडम सांगतात पावत्या नऊ हजार आहेत. तू दोन बोटांनी टाइप करतोस. मला तिकडे बोलाव. गोडाऊनमध्ये झोपेन. जे लिहिलंय तेवढंच चढवीन, एकही ओळ काढणार नाही. नोकरीचं नंतर बघ. येऊ की नको, एवढंच लवकर कळव.