अरमंडीत बसताना

डोंबिवली पूर्व,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सुमतीआत्यास,
सान्वीचा शि. सा. न. वि. वि.

दर रविवारी नाचाच्या क्लासला भेटतो आणि ही पत्र काय लिहिते, म्हणून हसशील. पण समोर आले की तू अरमंडीत बसवतेस, मी मुकाट गुडघे बाहेर वळवून खाली बसते आणि बोलायचं राहून जातं.

आत्या, माझा उजवा खुबा दुखतो. आतून, जांघेत. सात महिने झाले. अरमंडीतून उठताना काहीतरी अडकतं आणि कट् वाजतं. दुखतंय म्हणजे उघडतंय, असं तू म्हणायचीस, म्हणून मी गप्प राहिले. शेवटी कल्याणला अंतराताई फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांना दाखवलं. एमआरआयमध्ये आलंय की खुब्याच्या वाटीची कड फाटायला लागलीय. त्या म्हणाल्या, व्यायामाने भोवतीचे स्नायू बळकट केले तर ऑपरेशन बहुतेक टळेल, पुन्हा नाचताही येईल. पण चार महिने अरमंडी बंद. आणि माझा रंगप्रवेश बावीस डिसेंबरला!

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रंगप्रवेश पुढे ढकल ना गं. मला खूप भीती वाटतेय.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी सान्वी

माजिवडा, ठाणे,
१४ नोव्हेंबर

चि. सान्वीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अगदी तुझ्या बापासारखं, एकही ओळ सरळ नाही.

पुढे ढकलायचा म्हणजे काय, पोरी? हॉल ठरला, गायक आणि मृदंगवाले ठरले, पत्रिका पार देवरुखपर्यंत गेल्या. दुखणं कुणाला चुकलंय? माझ्या गुरूंनी माझ्या मांड्यांवर पाय देऊन मला बसवलं, मी तुला तसंच बसवलं, म्हणून तर तुझी अरमंडी बघून जाणकार माना डोलावतात. त्या बाईंना नाचातलं काय कळतं? तिळाचं तेल चोळून शेक घे आणि रविवारी वेळेवर ये. माझ्या क्लासमधून रंगप्रवेशाला उभी राहणारी तू पहिली मुलगी. सव्वीस वर्षं वाट पाहिली आहे मी.

घरी सर्वांना आशीर्वाद. आत्यावर रुसायचं नाही.
तुझी सुमतीआत्या

डोंबिवली पूर्व,
१८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल आले. बसले. तू मांडीवर पाय दिलास. येताना रिक्षात पाय चढेना, हातांनी उचलून आत घ्यावा लागला. आज सलवार घालायला आईला हाक मारली. एकवीस वर्षांची आहे मी, आत्या. आई रडत होती आणि मी तिला काही होत नाही म्हणत होते.

तू सांगशील तर बावीसला नाचेन. पण मग परत कधी नाचता येणार नाही, असं सारखं वाटतंय, आणि ते मला सोसणार नाही. एकच कर. पुढच्या मंगळवारी माझ्याबरोबर अंतराताईंकडे चल. मग जे म्हणशील ते.

नाही म्हणू नकोस, पाया पडते.
सान्वी

माजिवडा, ठाणे,
२ डिसेंबर

चि. सान्वीस,
अ. उ. आ.

मंगळवारी तुझ्याबरोबर कल्याणला आले, ते बरं झालं. अंतराने तुला पालथं झोपवून पाय हलकेच वळवला आणि एका जागी थांबली. म्हणाली, हिच्या हाडांची ठेवणच अशी आहे, इथवरच वळणार, पुढचं सगळं जबरदस्तीचं. चौदा वर्षं मी तुला त्या जागेच्या पुढे ढकलत होते. तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून.

रंगप्रवेश रद्द केला आहे. तुझ्या बाबांशी मीच बोलले. पुन्हा कधी, ते अंतरा ठरवेल. तिने नाही म्हटलं तर नाही. व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत, तुझा आळस मला माहीत आहे.

काल क्लासमध्ये लहान मुलींना ओळीने बसवलं. म्हटलं, जिथे दुखतं तिथे हात ठेवा, मी कुणाला ओरडणार नाही. अकरा जणी होत्या. सात जणींनी लगेच जांघेवर हात ठेवला. मी इतक्या वर्षांत हे कुणाला विचारलंच नव्हतं, सान्वी. तुलाही नाही.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. तरी ठेव.
तुझी आत्या