इतर हक्कातली नानी

१२ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. कळंबला परत, शाळा सुरू. दुपारी मंचरहून दादाचा फोन. लोणीच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. पुण्याची पार्टी, कांद्यासाठी कोल्ड स्टोरेज बांधायचंय. घरासकट सगळं एकगठ्ठा हवं. माझी तयारी आहे का?
आहे, म्हणालो. तो दुकानात, मी शाळेत. हाताला माती फक्त नानीच्या.
"तुझ्या नानीचं तू बघ," दादा म्हणाला. "तुझं ऐकते."

१५ नोव्हेंबर
वकिलांकडे. सातबारा पुढ्यात. मालक म्हणून दादा आणि मी. खाली 'इतर हक्क' मध्ये एका ओळीत नानी. अण्णांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं: हयात असेपर्यंत घरात राहील, विहिरीकडच्या तुकड्याचं पीक खाईल.
वकील म्हणाले, "बाईंना विकता येणार नाही. पण त्यांनी हक्कसोड दिल्याशिवाय तुमच्याकडून घेणारही कुणी नाही."
येताना एसटीत तेच डोक्यात. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, दादा नऊचा. वर्षभरात अण्णांनी दुसरं लग्न करून नानीला आणली. माझी ती आईच झाली. दादानं तिला कधी हाक मारली नाही. तिच्याबद्दल बोलायचं तर 'ती'. नाहीतर 'तुझी नानी'.

१७ नोव्हेंबर, रविवार
लोणीला गेलो. नानी मेंढरांना पाला टाकत होती. चारच उरलीत आता. सगळं सांगितलं. विकल्यावर माझ्याकडे कळंबला राहायचं, हेही.
ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. विचारलं काय, तर, "आन् मागच्यांची वाट?"
आमच्या रानामागे चार घरं आहेत. डोंगराकडची माणसं. गाव धरणात गेलं तेव्हा त्यांना इथं जमिनी मिळाल्या. जमीन कागदावर आहे, वाट नाही. इतकी वर्षं आमच्या रानातून जातात. दूध, शाळा, दवाखाना, सगळं त्याच वाटेनं. अण्णांनी कधी अडवलं नाही आणि लिहूनही दिलं नाही.
"पार्टी कंपाउंड घालील," मी म्हणालो.
"मंग मी सही देत न्हाई. आदी वाट कागदावर घाला. माझं नाव काढा, त्या जागी वाट लिवा. मंग हवं तितं अंगठा देते."
वाद घातला नाही. चहा पिऊन आलो.

१८ नोव्हेंबर
दादाला सांगितलं. म्हणाला, "वाट घातली तर पार्टी जाईल. आणि तिचा काय संबंध? तिच्या माहेरचे आहेत का ते?"
रविवारी तिलाच विचारायचं ठरवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार
नानीलाच विचारलं, तुझा काय संबंध. दादाचे शब्द आहेत हे सांगितलं नाही. तिला कळलं असावं.
बांधावर बसून खुरप्याची माती काढत बोलत होती. मला आठवतंय तसं लिहून ठेवतो.
"मी ल्हान व्हते तवा आमचा धनगरांचा वाडा दिवाळी झाली की कोकणात उतरायचा. शंभरावर मेंढरं, घोडं, कोंबड्या, आमी पोरं. आमाला कुटं व्हती जमीन? सारा मुलूख लोकांचा. कुणी बांधावरनं जाऊ द्यायचं, कुणी काठी घिऊन उबं ऱ्हायचं. एकदा आईला वाटंतच कळा लागल्या. एका बाईनं रानाचं कवाड काढून दिलं, उबं पीक तुडवत आमी गेलो. वाट सोडनाऱ्यांची नावं आईनं पाठ करून घेतलीत माझ्याकडनं."
आणि म्हणून दाखवली. गाव आणि नाव, गाव आणि नाव. सतरा-अठरा तरी असतील. कुठंही अडखळली नाही. यातलं आज कुणी जिवंत नसेल.
मी पंचवीस वर्षं पोरांकडून पाठांतर करून घेतोय. असलं कधी ऐकलं नव्हतं.

१ डिसेंबर
दादा दोन आठवडे लोणीकडे फिरकलेला नाही. माझ्याशीही कामापुरतं. पार्टीचा मॅनेजर मात्र वाटेला तयार झाला. मधून नको, पण बांधाच्या कडेनं आठ फूट देतो म्हणतो. मी खूश. नानीला फोन केला.
"आठ फूट मंजी किती?"
खोलीच्या रुंदीएवढं, म्हणालो.
"या मंग. मोजू."

८ डिसेंबर, रविवार
आजचा दिवस नीट लिहायला हवा.
सकाळी दहाला सगळे रानात. मॅनेजर, वकील, मी. दादाही आला, गाडीजवळच उभा राहिला. मागच्या वस्तीतले मारुतीभाऊ आणि दोन बाया. टेपनं आठ फूट मोजून मॅनेजरनं दोन काठ्या रोवल्या. "बघा आजी, चारचाकी आरामात जाते."
नानीनं मान डोलावली. मारुतीभाऊंकडे बघून म्हणाली, "आना."
ते वस्तीकडे गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत कडबा, दोन्ही बाजूंनी फळीच्या बाहेर आलेला, रचून बांधलेला. म्हणजे कालच ठरलं होतं यांचं. ट्रॅक्टर काठ्यांमधून गेला. पाठोपाठ ट्रॉली. दोन्ही काठ्या आडव्या, कडब्याच्या पेंढ्या खाली.
कुणी हसलं नाही. नानीनं काठ्या उचलल्या, एक होती तिथंच रोवली, दुसरी तिच्यापासून सहा पावलं लांब. "आता आना."
ट्रॉली गेली. एक काडी पडली नाही.
मॅनेजरनं टेप लावला. बारा फुटांना थोडं कमी. "बारा धरू," तो म्हणाला. वकिलांनी लिहून घेतलं.
"म्हातारं मानूस पाठीवर न्यावं लागनार न्हाई आता," मारुतीभाऊ म्हणाले. गेल्या पावसाळ्यात वडिलांना त्यांनी असंच डांबरीपर्यंत नेलं होतं.
नानी पडलेल्या पेंढ्या गोळा करत होती. मदतीला वाकलो आणि बघतो तर पलीकडून दादाही वाकलेला. पेंढी ट्रॉलीत टाकली, हात झटकले, गाडीत बसला.

१९ डिसेंबर
रजिस्ट्रार ऑफिस. किरकोळ रजा टाकून. रस्त्याचा हक्क लिहून देण्याच्या दस्तावर दोघांच्या सह्या झाल्या. दादा मागेपुढे करेल अशी धास्ती होती. त्यानं आधी सही केली. मारुतीभाऊ वाट लिहून घेणाऱ्यांत.
नानी बाहेर बाकावर. दस्त दाखवला. वाचता येत नाही, तरी प्रत्येक पान उलटून पाहिलं. "यात वाट कुटं हाय?" मी बोट ठेवलं. तिनंही ठेवलं.
आता तलाठ्याकडे नोंदीला अर्ज. नोटिसा निघतील, कुणाची हरकत नसेल तर वाट सातबाऱ्यावर चढेल.

२८ डिसेंबर
नानीच्या हक्कसोडीचा मसुदा आला. मंगळवारची वेळ घेतलीय.
'मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय…' इथपर्यंत वाचलं आणि ठेवून दिला.
गेल्या दीड महिन्यात तिनं स्वतःसाठी काय मागितलं, आठवून पाहिलं. काही नाही. सातबाऱ्यावर आख्ख्या जन्मात एक ओळ मिळाली, तीही शेजाऱ्यांसाठी खर्चून टाकली. आणि आम्ही दोघं मालक.

२९ डिसेंबर, रविवार
लोणी. म्हणालो, नानी, अजून सही केलेली नाहीस. घर आणि विहिरीकडचा तुकडा ठेवायचा असेल तर सांग.
"ठरलं व्हतं तसं व्हनार. मी शबूद दिलाय."
"मग तुझं काय?"
"तुमी हाईत की दोगं."
साधेपणानं म्हणाली, टोमणा नव्हता. पण 'तुमी हाईत' हे कुठल्या सदरी नोंदतात?
कळंबची खोली डोळ्यांपुढे आली. तिसरा मजला. तिथं ही दिवसभर काय करणार?
परत येताना रस्त्यातूनच वकिलांना फोन. घर आणि विहिरीकडचा तुकडा वगळून बाकीचं विकता येईल का? "येईल. पार्टीला विचारावं लागेल, कदाचित ते मागेही फिरतील. आणि भावाची संमती हवी."

३० डिसेंबर
सकाळपासून दादाला फोन करायचा म्हणतोय. मधल्या सुट्टीत केला. एका दमात सगळं सांगितलं. पार्टी जाऊ शकते, हेही.
दुकानात गिऱ्हाईक होतं, आवाज येत होते. त्यानं आधी त्याचं आटोपलं.
मग म्हणाला, "उद्याचं उद्या बघू. विचार करू दे."
बरं, म्हणालो.
"काल गेला होतास ना तिकडं?"
"हो."
"नानीचा गुडघा कसाय? त्या दिवशी पेंढ्या उचलताना लंगडत होती."
बरा आहे, म्हणालो. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. गुडघा दुखतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
घंटा झाली. वर्गावर गेलो.