काकूचं पातळ नेसून आलेली वच्छला

नागपूर,
सोमवार, ५ मार्च १९७९

प्रिय शामला,

हे पत्र पोस्टाने न येता यमुताईंच्या हातून आलं म्हणून दचकू नकोस. तुझ्या सासरच्या गावच्या दवाखान्यातल्या या नर्सबाई शाळेत माझ्या बाकावर बसायच्या, हे तुला माहीत आहेच. त्या सुई टोचायच्या निमित्ताने तुला आतल्या खोलीत बोलावतील, तिथेच बसून हे वाच. तुझे बाबा बरे आहेत. मीही बरी आहे, म्हणजे ताप वगैरे नाही, पण आठ दिवस झाले, मला सारखी भीती वाटते आहे. वर्गात परवा फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहिली आणि मुलं हसली. मीही हसले, आणि मग पाठ फिरवून उगाच फळा पुसत राहिले.

झालं ते असं. चौथीच्या मुलांचे निबंध वाचून मी कंटाळले होते. चाळीसच्या चाळीस वह्यांत एकच आई, पहाटे उठणारी आणि खूप माया करणारी, सगळी मार्गदर्शकातून उतरवलेली. म्हणून मी एक खेळ काढला. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचे कपडे घालून यायचं, घंटा होईपर्यंत त्या माणसासारखंच वागायचं, बोलायचं, आणि शेवटच्या तासाला तोच माणूस होऊन वहीत लिहायचं. मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. मी स्वतः तुझ्या बाबांचा कोट आणि टोपी घालून गेले. पहिले दोन तास हसून हसून पुरेवाट झाली. रवींद्र आजोबा होऊन आला होता, त्याच्या चंचीत तंबाखूऐवजी चहाची पूड. ओमप्रकाशने कंडक्टर असलेल्या वडिलांची खाकी पँट छातीपर्यंत ओढली होती आणि तो सगळ्यांना तिकिटं फाडून देत होता. मला, म्हणजे तुझ्या बाबांना, म्हणाला, "गोपाळराव, सुट्टे पैसे काढा गा, मले टाइम नाही." तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

वच्छला मात्र काकू होऊन आली होती. तिची आई नाही, वडील मिलमध्ये पाळीवर जातात, आणि आजी, काका, काकू असं घर आहे. नऊ वर्षांची पोर, पण पातळ इतकं नीट नेसली होती की मला कौतुक वाटलं. डोक्यावर पदर, आणि काकूचं पोलकं मनगटापर्यंत लांब बाह्यांचं. ऊन तापायला लागलं होतं आणि ती घामाने भिजून गेली होती. मुलींनी विचारलं, "एवढ्या लांब बाह्या काहून वं?" तर ही म्हणाली, "मी अशाच घालत असते." मग ती सगळी सकाळ भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी काही बोललं की मान खाली घालून एवढंच म्हणायची, "मजेत आहो." मला वाटलं, पोरीला सोंग वठवता येत नाही. मी तिला दोनदा रागावलेसुद्धा.

रविवारी दुपारी वह्या काढल्या. माझी सवय तुला ठाऊक आहे, लाल पेन आधी चालतं आणि डोकं मागून. वच्छलाच्या वहीत मी सात-आठ ठिकाणी 'मले'चं 'मला' केलं, आणि पान संपल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय वाचलं ते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिने लिहिलं होतं, "मी काकू हाय. मी सगळ्यायच्या मागून जेवते. मले कोणी कशी हायेस म्हणलं का मी मजेत म्हणते. काका घरी आले का मी वच्छीले म्हणते जाय बाहेर खेळ. वच्छी दाराच्या मागंच राहते. तिले ऐकू जाईन म्हणून मी रडत नाही. मी रोज आडात पाहत राहते. वच्छीनं विचारलं काहून पाहतं, तं मी म्हणलं पाणी किती हाय ते पाहून राहिली." एवढंच. खाली तिने सहीसुद्धा काकूच्या नावाने केली होती, गोपिका म्हणून. मी ते पान तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की दुसऱ्याच्या घरातलं आपण काय विचारणार.

तरी मागच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आणि आता जे सांगते ते मी अजून कोणालाच, बाबांनासुद्धा, सांगितलेलं नाही. वच्छलाची आजी, रुखमाबाई, दारातच बसली होती. चांगलं बोलली. "आमची सून लई गुणाची हाय बाई, तिच्या तोंडातून शब्द निघत नाही," म्हणाली. गोपिका चहा घेऊन आली. तुझ्याच वयाची असेल. मी विचारलं, कशी आहेस बाई, तर वच्छलाने वर्गात घातली होती तश्शीच मान खाली घालून म्हणाली, "मजेत आहो." मग मास्तरणीच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं की वच्छलाने काकूवर फार छान निबंध लिहिला आहे, अगदी बारीकसारीक सगळं टिपलं आहे. पालकांपुढे मुलांचं कौतुक करायचं, हे मी इतकी वर्षं करत आले. रुखमाबाईने कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय काय लिहिलं वं तिनं?" मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि निघाले. गोपिका माझ्याकडे पाहत होती. शामला, त्या बाईचे डोळे मला अजून दिसतात.

गुरुवारी वच्छला शाळेत आली नाही. शुक्रवारी कळलं की गोपिका आडात पडली. शेजाऱ्यांनी दोर सोडून बाहेर काढली, जीव वाचला. शनिवारी मी मोठ्या दवाखान्यात गेले. पायाला प्लॅस्टर, तोंड सुजलेलं. पोलीस येऊन गेले होते आणि तिने पाय घसरला असं लिहून दिलं होतं. उशाशी सासू बसून होती. ती पाणी आणायला उठली तेवढ्यात गोपिकाने माझा हात ओढला आणि म्हणाली, "बाई, पोरीची वही फाडून टाका. वच्छीले मारतीन ते." स्वतःबद्दल एक शब्द नाही. मी वही फाडली नाही, कपाटात कुलपात ठेवली आहे. कन्हानला तिचा भाऊ असतो, त्याला त्याच संध्याकाळी निरोप धाडला. तो काल येऊन बहिणीच्या खाटेशी बसला आहे आणि तिथून हलायला तयार नाही. वच्छलाचे वडीलही आज पाळी बुडवून पोरीला शाळेत सोडून गेले. पण गोपिका पडली की तिने उडी टाकली की आणखी काही, आणि माझ्या त्या एका वाक्याने हे झालं का, हे मला कधी कळणार नाही.

काल दुपारी मी तुझी कार्डं काढली. लग्नानंतरची अकरा कार्डं. आजवर मी ती मास्तरणीसारखीच वाचत आले. अक्षर सुबक, मायना बरोबर, शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि मी यमुताईंना अभिमानाने सांगायची की माझी पोर बघा किती नेमकं लिहिते. काल सगळी एका ओळीत मांडली. अकराही कार्डांत तेच. मी मजेत आहे, मामंजी-सासूबाई मजेत आहेत, काळजी नसावी. तू बारा वर्षांची असताना आजोळहून मला चार पानांचं पत्र लिहिलं होतंस, त्यात नुसत्या शेजारच्या बकरीवर एक पान होतं. ती मुलगी या कार्डांत कुठेच नाही. आणि कार्डंच पाठव, पाकीट नको, सासरचे वाचतात तर वाचू देत, लपवायला आहे काय, हेही मीच तुला शिकवलं. संक्रांतीला दोन दिवस आली होतीस तेव्हा लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आलीस आणि आणखी चार शिवून मागितलेस. मी थट्टा केली, ही कुठली नवी फॅशन. थंडीत बरं पडतं, म्हणालीस. मी मशीनवर बसून चारही शिवले, काजं-बटणंसुद्धा हाताने केली. तुझा हात मी एकदाही धरून पाहिला नाही. बाळे, तुला आंघोळ घातलेली आई मी, आणि मला दिसलं नाही.

म्हणून हे पत्र. मी चुकले असेन तर देवाच्या पायाशी नारळ फोडीन आणि आयुष्यभर तुझी थट्टा सहन करीन. पण मी विचारणार नाही. कार्डाने विचारून, सासूबाईंपुढे विचारून काय होतं ते मी पाहिलं आहे. येत्या गुरुवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी आणि बाबा तुला न्यायला येतो आहोत. दुसऱ्याच्या घरातलं आपण काय विचारणार, असं ते आता म्हणत नाहीत. काल त्यांनीच स्टँडवर जाऊन गाडीची वेळ पाहून आणली. तू काही सांगू नकोस, कोणाशी भांडू नकोस, सामान बांधू नकोस. नेसत्या पातळानिशी चल. जगाला काय सांगायचं ते मी सांगेन. परत जायचं की नाही ते तू माझ्याजवळ बसून, पोटभर जेवून, हवे तितके दिवस घेऊन ठरव. हे वाचून झालं की यमुताईंच्या हातात परत दे, त्या चुलीत घालतील. तोवर तीन दिवस आहेत, आणि ते मला कसे काढायचे कळत नाही. एकच कर. गुरुवारी मी अंगणातून हाक मारली की दुसऱ्या कोणाला पुढे पाठवू नकोस, तूच बाहेर ये, म्हणजे तू आहेस हे मला लगेच दिसेल.

तुझीच,
आई